दोन डगरींवर हात

पत्र: मी एकतीस वर्षांची आहे. क्लिनिकल सायकॉलॉजीत पीएच.डी. करून दीड वर्षापूर्वी विद्यापीठात सहायक प्राध्यापक म्हणून लागले. आठवड्यातले दोन दिवस एका दवाखान्यात थेरपीसाठी बसते. सध्या चौदा जण माझ्याकडे येतात. माझे गाईड म्हणतात, दोन डगरींवर हात ठेवून काही होत नाही. पाच वर्षं दवाखाना बंद कर, संशोधनाचे पेपर लिही, नोकरी पक्की झाली की पुन्हा बस. दवाखान्यातल्या ज्येष्ठ बाई म्हणतात, तुझ्या हाताला गुण आहे, प्राध्यापकीत तो वाया चाललाय. मला दोन्ही सोडवत नाही. वर्गात बोलताना वाटतं मी पुस्तकी बोलतेय, आणि रुग्णासमोर बसले की अर्धवट राहिलेला पेपर आठवतो. मागच्या महिन्यात वर्गात एक केस सांगितली, नाव-गाव बदलून, तेव्हा एक मुलगी एकदम मान खाली घालून बसली, तेही मनातून जात नाहीये. मी एक निवडावं का? आणि कोणतं?
– दोन खुर्च्यांमधली

उत्तर:

तुमचा प्रश्न पत्राच्या शेवटी आहे, पण मी त्याच्या आधीच्या वाक्यापासून सुरुवात करतो. मान खाली घालणारी ती मुलगी. नोकरीचं काय ते ठरवायला तुमच्याकडे वर्ष-दोन वर्षं आहेत. या गोष्टीला मात्र एक महिना आधीच होऊन गेलाय.

तिनं मान खाली का घातली असेल? कदाचित ज्या व्यक्तीबद्दल तुम्ही बोललात तिला ती ओळखते. कदाचित तुम्ही सांगितलेलं तिच्या स्वतःच्या घरात घडलंय. कदाचित तिचं नुसतं डोकं दुखत होतं. यातलं खरं काय, हे तिला विचारून शोधू नका. ‘तू ओळखलंस का?’ हा प्रश्नच सांगून टाकतो की केस खरी होती, तुमच्याकडचीच होती आणि ओळखण्यासारखी होती. आज तिच्याकडे फार तर संशय असेल. तुम्ही विचारलंत की खात्री होईल.

त्याऐवजी वही काढा आणि त्या दिवशी वर्गात नेमकं काय बोललात ते आठवेल तसं शब्दशः लिहा. लिहिताना लक्षात येईल की नाव-गाव बदलणं हा आपल्या पेशातला सगळ्यात फसवा दिलासा आहे. माणूस नावावरून थोडाच ओळखू येतो? तो ओळखू येतो त्या एका विचित्र तपशिलावरून, ज्याच्यासाठी आपण ती केस सांगायला घेतलेली असते. तो तपशील बदलला तर सांगण्यात राम उरत नाही, आणि ठेवला तर नाव बदलून उपयोग नसतो. कागदावर उतरलं की याच आठवड्यात ते तुमच्या सुपरव्हायजरसमोर, म्हणजे तुमच्या केसेस ऐकून तपासणाऱ्या अनुभवी थेरपिस्टसमोर ठेवा. तुमच्या पत्रात गाईड आहेत, ज्येष्ठ बाई आहेत, सुपरव्हायजरचा उल्लेख कुठेच नाही. पदवी मिळाली की सुपरव्हिजन संपलं अशी समजूत असेल तर ती आधी मोडा. मला या पेशात तीस वर्षं झाली, मी अजून महिन्यातून दोनदा कुणासमोर तरी माझ्या केसेस घेऊन बसतो.

रुग्णाला सांगायचं का? यावर आमच्यात एकमत नाही. काही म्हणतील, ओळख पटल्याचा पुरावा नसताना सांगणं म्हणजे आपल्या मनावरचं ओझं रुग्णाच्या डोक्यावर ठेवणं. त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. तरी लिहिलेलं वाचून सुपरव्हायजरलाही वाटलं की ओळखीच्या माणसाला हे कळू शकेल, तर मी सांगेन. थोडक्यात: काय बोलले, कुठे बोलले, ते करायला नको होतं. रडायचं नाही, लांबण लावायची नाही, ‘तुम्ही मला माफ कराल ना’ असं विचारून त्यांना तुमची समजूत घालायला लावायचं नाही. उरलेला तास त्यांचा. ते चिडतील, गप्प बसतील किंवा पुढच्या आठवड्यात येणार नाहीत.

हे मी असं ठाम सांगतोय, कारण मी ते उलट्या बाजूने शिकलो. नोकरीच्या चौथ्या वर्षी एका मोठ्या व्याख्यानात मी एक केस फार रंगवून सांगितली. सभागृह हसलं, मग गंभीर झालं, टाळ्या मिळाल्या. रुग्णाची बहीण त्या सभागृहात होती. पुढच्या सेशनला तो गृहस्थ आला, बसला आणि म्हणाला, ‘तुम्ही माझं उदाहरण केलंत.’ नाव मी बदललं होतं. तो पुन्हा आला नाही. त्या व्याख्यानामुळे मला दोन ठिकाणी बोलावणं आलं, हे सांगायची आजही लाज वाटते.

तेव्हापासून माझा नियम असा: चालू असलेली केस वर्गात नाही, कोणत्याही वेषात नाही. शिकवायला तीन-चार जणांचे तुकडे जोडून बनवलेला माणूस चालतो, आणि तो बनवलेला आहे हे वर्गाला सांगायचं. छापून आलेल्या केसेस आहेतच. सगळ्यात चांगलं चालतं ते स्वतःच्या चुकांचं वर्णन, ज्यात रुग्ण जवळजवळ दिसतच नाही, दिसतो तो मी. आणि एक गोष्ट बहुतेक प्राध्यापक विसरतात: समोरच्या बाकांवर बसलेल्यांतले काही जण स्वतः कुठेतरी थेरपी घेत असतात. ते विद्यार्थी आहेत तसेच रुग्णही आहेत, फक्त तुमचे नाहीत. आणि तुमचे कधी होताही कामा नयेत. ज्याला मार्क द्यायचे त्याच्यावर उपचार करता येत नाहीत. ‘मॅडम, जरा बोलायचं होतं’ म्हणत कुणी केबिनमध्ये आलं तर ऐका, आणि कुणाकडे जायचं ते त्याच दिवशी सांगा.

आता तुमचा प्रश्न.

दोन डगरींची तक्रार आपल्या विषयाइतकीच जुनी आहे. 1896 साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात लाइटनर विटमर नावाचे तरुण प्राध्यापक होते. लाइपझिगला वुंटच्या प्रयोगशाळेतून पीएच.डी. करून आलेले, म्हणजे संवेदना आणि प्रतिक्रियेच्या वेळा मोजणारे. त्यांच्याकडे शिकणारी एक शिक्षिका चौदा वर्षांच्या एका मुलाची अडचण घेऊन आली: बाकी हुशार आहे, पण शुद्धलेखन काही केल्या जमत नाही. विटमरनी आपला विषय धुंडाळला तर हाताशी काही नव्हतं. मग त्यांनी मुलगाच तपासला. डोळ्यांत दोष निघाला, चष्मा लागला, पुढे नेटाने शिकवणी चालली. त्याच वर्षी विद्यापीठात क्लिनिक सुरू झालं, आणि 1907 साली त्यांनीच या कामाला ‘क्लिनिकल सायकॉलॉजी’ असं नाव दिलं. म्हणजे तुमच्या पदवीवर जे दोन शब्द आहेत ते एका प्राध्यापकाची एका शिक्षिकेसमोर पंचाईत झाली म्हणून जन्माला आले. मला ही हकीकत आवडते, कारण तिच्यात कुणी थोर दिसत नाही.

पुढे दुसऱ्या महायुद्धाने सैनिकांच्या मनाचे प्रश्न इतके वाढवले की मानसशास्त्रज्ञ तयार करण्याची शिस्त ठरवावी लागली. 1949 साली अमेरिकेतल्या बोल्डर इथे परिषद भरली आणि ठरलं: क्लिनिकल मानसशास्त्रज्ञ वैज्ञानिक आणि सोबतच चिकित्सक असेल. कागदावर सुरेख. नंतर पाहण्या झाल्या तेव्हा या पदवीधरांच्या छापून आलेल्या पेपरांचा सगळ्यात जास्त वेळा आढळणारा आकडा निघाला शून्य. 1973 साली त्याच कोलोरॅडो राज्यात व्हेल इथे दुसरी परिषद झाली आणि तिने मुख्यतः व्यवसायासाठीच असलेल्या वेगळ्या शिक्षणक्रमाला मान्यता दिली. तुमचे गाईड आणि तुमच्या ज्येष्ठ बाई यांचं भांडण दोन गावांत दोनदा होऊन गेलंय, निकाल लागलेला नाही, तो तुम्ही एकट्याने लावायचा हट्ट धरू नका.

गाईड जे सांगताहेत त्यात एक कटू खरेपणा आहे, तो आधी गिळा. बढतीच्या समितीसमोर पेपर मोजले जातात, ग्रँट मोजली जाते. आत्महत्येच्या उंबरठ्यावरून परत आलेला माणूस कुठल्याही रकान्यात बसत नाही. हे अन्यायाचं आहे. पण समितीवर रागावून पेपर लिहून होत नाहीत. दीड वर्षं झालेल्या, पद अजून कच्चं असलेल्या माणसाने चौदा रुग्ण घेणं हा हिशेबच चुकलाय. दोन दिवसांचा दवाखाना दोन दिवसांचा नसतोच: नोंदी, अहवाल, फोन, घरी आल्यावर डोक्यात चालू राहणारं संभाषण. शिवाय रुग्णाची वेळ ठरलेली असते, ती तुम्ही मोडत नाही. लिहिण्याची वेळ मात्र सगळेच मोडतात, आणि सगळ्यात आधी तुम्ही.

पण पाच वर्षं पूर्ण बंद? हे मला पटत नाही. मी स्वतः एकदा दोन वर्षं बंद ठेवलं होतं, विभागप्रमुखपद अंगावर आलं तेव्हा. परत बसलो तो सिद्धान्त सगळे पाठ, आणि समोरचा माणूस अर्धा मिनिट गप्प राहिला की मी घाईने काहीतरी बोलून मोकळा. शांतता सोसण्याची सवय गेली होती. प्राध्यापकाला शांतता म्हणजे तयारी कमी पडल्याची खूण वाटते. त्याच सुमाराला एका बाईंना मी चिंतेचं चक्र समजावून सांगत होतो: विचार, धडधड, टाळाटाळ, पुन्हा विचार. फळ्यावर बाण वगैरे काढले. माझं झाल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, ‘सर, हे परीक्षेला आहे का?’

त्या प्रश्नात तुमच्या अडचणीचं अर्धं उत्तर आहे. वर्ग तुम्हाला ठाम व्हायला शिकवतो. विद्यार्थ्याने प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं, दहा मिनिटांत मुद्दा बांधायचा, गोंधळ कमी करायचा. थेरपीच्या खोलीत बरोबर याच सवयी नडतात. तिथे बराच काळ माहीत नसल्यासारखं बसावं लागतं, आणि ‘माझा अंदाज चुकला’ हे दर दोन आठवड्यांनी म्हणावं लागतं. एकच माणूस दोन्हीकडे असला की खोलीतली ती शंका वर्गात येते आणि व्याख्यान खरं होतं. वर्गातला पुरावा मागण्याचा हट्ट खोलीत येतो आणि आपल्या लाडक्या अंदाजांना आवर बसतो. तुम्हाला वर्गात ‘पुस्तकी’ वाटतं ना? ते खोलीत बसणाऱ्यालाच वाटतं. जे कधी बसले नाहीत त्यांना तसं वाटल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

याची दोन उदाहरणं देतो. ॲरन बेक हे मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्राचे प्राध्यापक नव्हेत, पण त्याच पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले. मनोविश्लेषणात तयार झालेले. नैराश्य म्हणजे आत वळलेला राग, हे सिद्ध करायला त्यांनी रुग्णांची स्वप्नं तपासायला घेतली. स्वप्नांत राग सापडेना. सापडलं ते नुकसान, अपयश, नाकारलं जाणं. शिकलेला सिद्धान्त आणि समोरचा रुग्ण यांच्यात त्यांनी रुग्णावर विश्वास ठेवला, आणि 1960 च्या दशकात कॉग्निटिव्ह थेरपी, म्हणजे रुग्णाचे विचार तपासून बदलायला शिकवणारी पद्धत, उभी राहिली. दुसरे पॉल मील, मिनेसोटाचे प्राध्यापक. 1954 साली त्यांनी उपलब्ध अभ्यास गोळा करून दाखवलं की रुग्णाचं पुढे काय होईल हे सांगण्यात साधं संख्याशास्त्रीय सूत्र अनुभवी चिकित्सकाच्या अंदाजाइतकं किंवा त्याहून सरस ठरतं. चिकित्सकांना हे आवडलं नाही. गंमत अशी की मील स्वतः थेरपी करत होते, आणि नंतरही करत राहिले.

इथेच तुमच्या ज्येष्ठ बाईंकडे येतो. ‘हाताला गुण आहे’ हे ऐकायला छान वाटतं. मलाही कुणी म्हटलं तर मी दिवसभर खूश असेन. पण ते त्यांना कळलं कसं? 2012 साली छापलेल्या एका अभ्यासात 129 मानसोपचार करणाऱ्यांना विचारलं की इतरांच्या तुलनेत तुम्ही किती चांगले. एकानेही स्वतःला सरासरीच्या खाली ठेवलं नाही. 2016 साली 170 थेरपिस्ट आणि त्यांच्या साडेसहा हजारांहून जास्त रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या: अनुभव वाढला तसे परिणाम सरासरीने सुधारले नाहीत, किंचित घसरलेच. काही जण सुधारले, हेही तिथेच दिसतं. अनुभव म्हणजे गुण, असं धरून चालता येत नाही एवढंच मी म्हणतोय. आणि प्रौढांच्या थेरपीत शंभरातले साधारण पाच ते दहा जण सुरुवातीपेक्षा वाईट अवस्थेत बाहेर पडतात. ते कोण, हे थेरपिस्टला आधी बहुधा ओळखता येत नाही.

म्हणून मोजा. दर सेशनच्या सुरुवातीला एक छोटी प्रश्नावली, दोन-तीन मिनिटांत भरून होणारी. आकडा सलग तीनदा बिघडला की तो रुग्ण सुपरव्हिजनला न्यायचा, मग सेशन कितीही ‘छान’ वाटलेलं असो. मानसशास्त्रज्ञ मायकेल लँबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच करून पाहिलं: रुग्ण घसरतोय हा इशारा थेरपिस्टला वेळेवर मिळाला की घसरणाऱ्यांपैकी बिघडणाऱ्यांचं प्रमाण कमी होतं. हे करायला संख्याशास्त्र यावं लागतं आणि स्वतःविषयी शंका लागते. विद्यापीठाने तुम्हाला दोन्ही दिलंय. बाईंना सांगा, गुण वाया जात नाहीये, तपासला जातोय. (असं तोंडावर सांगू नका, त्या दुखावतील, आणि तुम्हाला त्यांची गरज आहे. सुट्टीत तुमचे रुग्ण कोण बघणार?)

या आकड्यांवरून पेपर लिहायचा मोह होईल. तिथे थांबा. आपल्या रुग्णाला आपणच ‘अभ्यासात भाग घ्याल का’ म्हणून विचारलं तर त्याला नाही म्हणता येत नाही. ज्या माणसाकडे तो रात्रीची भीती सांगतो त्याला तो कसा नकार देणार? नैतिकता समितीची मंजुरी, आणि संमती घेणारा माणूस तुमच्याशिवाय दुसरा. नकार दिला की नाही हे तुम्हाला कळणारही नाही अशी व्यवस्था हवी. सोपा मार्ग म्हणजे संशोधन दुसरीकडच्या रुग्णांवर आणि प्रश्न आपल्या खोलीतून. चांगल्या प्रश्नांची टंचाई चांगल्या आकड्यांच्या टंचाईपेक्षा जास्त असते.

तर निवडा, पण गाईड म्हणतात तसं नाही. वर्ग आणि संशोधन हे मुख्य काम करा, आणि खोली छोटी पण अखंड ठेवा. चौदाचे सहा करा, एका दिवसात बसतील इतके. कुणालाही काढू नका. नवे घेणं आजपासून थांबवा, ज्यांचे उपचार संपत आलेत ते संपू द्या, आणि एक-दोघांना दुसरीकडे सोपवायचंच असेल तर त्याला तीन-चार सेशन द्या आणि कारण खरं सांगा. ‘माझं काम बदलतंय’ हे ऐकून घेण्याची ताकद रुग्णांत असते. अचानक गायब होणारी प्राध्यापिका त्यांना झेपत नाही. परीक्षा, परिषदा, लांब सुट्ट्या यांचं वर्षाचं वेळापत्रक त्यांच्या हातात आधीच द्या. सहा जण निवडताना सगळे एकाच तऱ्हेचे ठेवू नका, नाहीतर दोन वर्षांत तुम्हाला जग तसंच दिसायला लागेल. आणि एखादा तरी असा असू दे ज्याच्याबाबतीत तुमचं काहीच चालत नाहीये.

लिहिण्यासाठी दोन सकाळी. त्या डायरीत रुग्णाच्या नावाने टाकत जा, हवं तर खोटं नाव द्या. मी तशी ‘श्री. परिच्छेद’ या गृहस्थांची भेट सात वर्षं चालवली. कुणी बैठक ठेवली की मी म्हणायचो, त्या वेळी माझा पेशंट आहे. खोटंच होतं, पण पेपर झाले.

तुम्हाला खोलीत पेपर आठवतो त्याची मात्र मी फार काळजी करणार नाही. मन भरकटतं. कधी भरकटतं एवढं बघा: प्रत्येक वेळी त्याच रुग्णासमोर, त्याच विषयाला हात लागला की पेपर आठवत असेल, तर तो पेपर तुम्हाला कशापासून तरी वाचवतोय. ते सुपरव्हिजनला न्या. सगळ्यांसमोर सारखंच आठवत असेल तर तुम्ही फक्त दमलेल्या आहात, आणि त्यावर उपाय वर लिहिलाय.

नोकरी पक्की झाल्यावर सहाचे आठ करायचे, की दवाखान्यात विद्यार्थ्यांना शिकवायची सोय उभी करायची, की अगदी उलटं, विद्यापीठ सोडायचं, हे तेव्हा बघा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सनी आधी बारा वर्षं रॉचेस्टरला मुलांसोबत काम केलं, मग 1940 साली प्राध्यापक झाले, थेरपीच्या सेशनचं ध्वनिमुद्रण करून ते अभ्यासाला खुलं केलं, आणि 1963 साली विद्यापीठ सोडून दिलं. क्रम वेगवेगळे असतात. एकतिसाव्या वर्षी सगळा क्रम माहीत असायची गरज नाही.

सध्या एवढंच: वही, सुपरव्हायजर, आणि ज्यांची केस सांगितलीत त्यांची पुढची वेळ. ते बोलणं झालं की मला पुन्हा लिहा. पेपरचं नंतर बघू.